दोनाने भागताना

१

छापखान्याच्या मागच्या अंगाला, यंत्रांच्या खोलीपासून लाकडी पार्टिशनने तोडलेली एक खोली होती. तिला खिडकी होती, पण खिडकीबाहेर शेजारच्या गोदामाची भिंत, तीही हात लांब केला तर लागेल इतकी जवळ. त्यामुळे उजेड म्हणाल तर बारा महिने ट्यूबलाइटचाच. खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, एक कुरकुरणारा पंखा आणि दोन माणसं. माणसं म्हणजे भाऊ-बहीण. बहीण मूळ प्रत हातात धरून मोठ्याने वाचायची. भाऊ छापलेल्या प्रुफावर पेन्सिल फिरवत ऐकायचा, आणि कान आणि डोळा यांचं जिथे पटत नसे तिथे खूण करायचा.

भावाला सगळे मास्तर म्हणत. शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलं नव्हतं. पण नोकरीला लागल्या लागल्या त्यांनी मालकांच्या चिठ्ठीतली ऱ्हस्व-दीर्घाची चूक लाल करून चिठ्ठी परत पाठवली होती, तेव्हापासून हे नाव चिकटलं ते चिकटलंच. बहीण थोरली, तिला छापखानाभर अक्का म्हणत. लग्नं दोघांचीही राहून गेली. आधी आईचं दुखणं निघालं, मग वडिलांचं, आणि ते सगळं उरकेपर्यंत लोकांनी विचारायचंच सोडून दिलं. राहायचे एकत्र, यायचे एकत्र, भांडायचे एकत्र. मास्तरांना कशाची भीती वाटत असेल तर ती एकाच गोष्टीची, की एक दिवस या टेबलाशी एकच खुर्ची राहील. ही भीती त्यांनी अक्काला कधी बोलून दाखवली नव्हती. अक्काला ती ठाऊक होती.

त्या वर्षी काम पार आटलं होतं. मालक समोर आले की तोंड चुकवत, आणि मालक तोंड चुकवायला लागला म्हणजे काय ते कळायला फार अक्कल लागत नाही. तेवढ्यात गणिताच्या एका संस्थेचं काम आलं.

"एकच संख्या छापायची आहे," मालक म्हणाले. "पण पुस्तकभर आहे."

संस्थेतर्फे एक म्हातारे प्राध्यापक आले होते. बारीक आवाज, कोटाची एक बाही उसवलेली. त्यांना ती संख्या शिशाच्या खिळ्यांनी, हाताने जुळवून छापून हवी होती. मालकांनी जुनं यंत्र हौसेने जपून ठेवलं होतं, त्याचं नाव प्राध्यापकांच्या कानावर गेलं होतं. आणि तपासायची ती दोन माणसांनी, एकाने वाचून, एकाने ऐकून.

"यंत्राने शोधली, यंत्राने तपासली," ते म्हणाले. "छापताना तरी माणसाच्या तोंडून जाऊ दे."

संख्येत नऊ लाखांच्या आसपास अंक होते. ती अविभाज्य होती, म्हणजे एक आणि ती स्वतः, यांखेरीज तिला कशानेही भाग जात नाही. खिळे जुळवायचं काम ज्याच्याकडे होतं तो जुळारी दाराशी उभा राहून ऐकत होता.

"म्हणजे आमच्या काकांच्या घरासारखी," तो म्हणाला. "चौघे भाऊ, निम्मं आयुष्य कोर्टात गेलं, पण वाटणी काही होत नाही."

सगळे हसले. प्राध्यापक तेवढे हसले नाहीत.

२

शब्द वाचताना जीभ जरा पुढे धावते. वाक्य कुठे चाललंय त्याचा अंदाज येतो, मग चुकीचा शब्द आला की कान आपोआप टवकारतात. अंकांत तसलं काही नाही. चारानंतर काय येणार ते चाराला ठाऊक नसतं. अक्का पाच-पाचांच्या गटाने वाचायची, गटानंतर एवढासा दम, की पुढचा गट. तोच अंक दोनदा आला की ती "पुन्हा" म्हणायची.

"सात, दोन, पुन्हा, शून्य, नऊ. चार, एक, आठ, पुन्हा, तीन."

मास्तरांची पेन्सिल टिकटिक करत जायची. पलीकडे जुळारी पुढचं पान जुळवत असायचा. सगळी पानं नुसत्या अंकांची, त्यामुळे त्याच्याकडे खिळे पुरत नसत. एक पान छापून झालं की जुळणी मोडून ते खिळे परत खणांत टाकायचे, मग त्यांतूनच पुढचं. दुपारपर्यंत अक्काचा घसा बसायचा, मास्तरांचे डोळे चुरचुरायचे, आणि दिवसाच्या शेवटी हातात काय, तर काही नाही. ना कुणी जन्मलं, ना कुणी मेलं, ना कुणाचं कुणाशी जमलं. इतकं वाचून इतकं रिकामं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

एका संध्याकाळी तीन जिने चढून ते घरी आले, आणि मास्तरांनी चहा टाकला. दोन कप पाणी, दोन कपांची साखर. हे माप त्यांच्या हातात इतकं बसलं होतं की डोळे मिटूनही चुकलं नसतं. त्यांनी पहिला कप भरला, आणि दुसऱ्यावर भांडं तिरपं केलं. थेंब आला नाही.

पहिला कप काठोकाठ नव्हता, नेहमीइतकाच होता. भांड्यात फक्त पत्ती होती.

"आटला असेल," अक्का आतून म्हणाली.

"एवढा?"

"मग तू पाणीच एक कप घातलं असशील. थकलायस तू. दे, अर्धा अर्धा घेऊ."

मास्तरांनी भरलेल्या कपातला अर्धा दुसऱ्या कपात ओतायला घेतला. हाताला ते जमेना. म्हणजे हात थरथरला असंही नाही. कप तिरपा व्हायचा, चहा काठाशी यायचा, आणि तिथेच थांबायचा. शेवटी त्यांना स्वतःचाच राग आला. त्यांनी तो कप अक्कापुढे ठेवला आणि आपल्यासाठी नव्याने चहा टाकला.

३

माणूस थकला की काय वाटेल ते होतं, असं मास्तरांनी स्वतःला समजावलं. त्यांनी दुसऱ्या दिवशी पाणी मोजून घातलं, तिसऱ्या दिवशी अक्काला मोजायला लावलं. एकच कप भरायचा. मग दोघं वेगवेगळा चहा करायला लागले, एकाचा झाला की दुसऱ्याचा, आणि त्यावर कुणी काही बोललं नाही. घरात अशा बऱ्याच गोष्टी न बोलता ठरतात.

मग ते संत्रं. अक्काला खोकला होता म्हणून मास्तरांनी कोपऱ्यावरच्या फळवाल्याकडून एकच आणलं, दोघांत खाऊ म्हणून. जेवणानंतर अक्का ते सोलत बसली. साल नीट निघाली, वासही चांगला आला. मग तिने फोडी सुट्या करायला अंगठा घातला, आणि ती थांबली.

"अरे, हे बघ."

मास्तरांनी पाहिलं. आत फोडी नव्हत्या. सालीखाली एकच अखंड, पिवळसर गोळा होता, कुठे रेघ नाही, कुठे फट नाही. अक्काने तो दिव्यापुढे धरला. आत बी दिसत होती, एकच, मधोमध.

"जात वेगळी असेल," मास्तर म्हणाले. "हल्ली काहीही काढतात. बियांशिवायची द्राक्षं नाही का आली?"

"सुरी आण."

सुरी लावल्यावर तो गोळा दबला, सुरी निसटली, पुन्हा लावली, पुन्हा निसटली. अक्काने ते संत्रं बशीत ठेवलं.

"आपण दिवसभर त्या खोलीत बसून काय म्हणतो?" ती म्हणाली. "हिला वाटता येत नाही, हिला वाटता येत नाही. पान झालं की पुढचं पान. घराने ऐकलंय ते."

"घर तिथे नसतं अक्का. आपण असतो."

"मग आपल्याबरोबर आलं असेल."

मास्तर हसले, कारण हसायलाच हवं होतं. सकाळी त्यांनी फळवाल्याला विचारलं. त्याने आपल्या ढिगातलं एक संत्रं सोलून दाखवलं. त्यात चांगल्या दहा-बारा फोडी होत्या.

४

प्राध्यापक अधूनमधून तयार पानं बघायला येत. एका दुपारी अक्का घसा शेकायला गरम पाणी आणायला गेली होती, आणि ते तिच्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. खुर्चीत बसले मात्र नाहीत.

मास्तरांनी विचारलं, "ही संख्या तुम्ही शोधलीत तरी कशी?"

"सोपं आहे. दोन घ्या. दुप्पट करा. पुन्हा दुप्पट करा. असं करतच राहा, लाखो वेळा. जी संख्या येईल ती इतकी गरीब असते की कुणीही निम्मी करावी, पुन्हा निम्मी करावी, तिची काही तक्रार नसते. मग तिच्यातून एक काढून घ्यायचा. फक्त एक. मग ती कधी कधी अशी होते. कुणाला दाद देत नाही."

"कधी कधीच?"

"फार क्वचित. बहुतेक वेळा एक काढला तरी ती कशाने ना कशाने फुटतेच. ही फुटली नाही. दोनाने भागायला गेलात तर एक उरतो. तो एक कुठे ठेवू म्हणून विचाराल, तर त्याला जागा नाही."

पंखा कुरकुरत होता. मास्तरांनी उगीच पेन्सिलीला टोक केलं.

"आणि आमच्या हातून एखादा अंक चुकला तर?"

"तर मग ती ही नव्हे. चारचौघींसारखी दुसरी कुठली तरी. आणि शेवटचा अंक चुकून सम पडला, तर दोनाने सरळ भाग जाईल. ते तर शाळेतलं आहे."

मास्तरांनी मान हलवली. प्राध्यापक जायला निघाले, दाराशी थांबले.

"यंत्रावर शोधली ती आम्ही दोघांनी. मी आणि माझी बायको. एकाच टेबलाशी बसायचो, असेच, समोरासमोर."

"त्या नाही आल्या कधी?"

"संस्थेत म्हणतात मी एकट्यानेच शोधली," प्राध्यापक म्हणाले. "माझं लग्नच झालेलं नाही म्हणतात. कागदही तसंच सांगतात. आधी मी वाद घालायचो. आता फारसा घालत नाही."

अक्का पाण्याचा पेला घेऊन आली तेव्हा ते गेलेले होते. मास्तरांनी तिला यातलं काही सांगितलं नाही. पण त्या दिवशी त्यांनी तिला दोनदा, कारण नसताना, हाक मारली.

५

त्यानंतर बाहेरही सुरू झालं. बसमध्ये दोघं शेजारी बसायचे, आणि कंडक्टर अक्काकडून तिकिटाचे पैसे घेऊन पुढे जायचा. मास्तर "अहो, मी?" म्हणायचे, तेव्हा तो दचकून मागे वळायचा. दुसऱ्या दिवशी तो मास्तरांना तिकीट द्यायचा आणि अक्काच्या मांडीवर आपली पिशवी टेकवायचा, जागा रिकामी असल्यागत. अक्काने पिशवी दोन्ही हातांनी उचलून बाजूला केली. तो "सॉरी हं" म्हणाला, पण नेमका कुणाला, ते त्याला सांगता आलं नसतं.

एका सकाळी खोलीत खुर्ची एकच होती.

"दुसरी कुठे गेली?" मास्तरांनी जुळाऱ्याला विचारलं.

"दुसरी कुठली?"

"अरे, अक्काची!"

जुळारी खिळ्यांच्या पेटीवरून मान वर करून बघत राहिला. तो चेष्टा करत नव्हता. या माणसाची चेष्टा मास्तरांना चांगली ओळखू यायची, चेष्टा करताना त्याचा एक गाल हलायचा. गाल हलला नाही. मग अक्काच आत आली, आणि तो एकदम म्हणाला, "हां, हां, अक्का! आणतो ना." त्याने कुठून तरी एक स्टूल आणलं. दुपारी तोच दारातून डोकावला आणि मास्तरांच्या देखत म्हणाला, "काय अक्का, आज एकट्याच?"

"मी इथे आहे," मास्तर म्हणाले.

"अरेच्चा! दिसलाच नाहीत मास्तर. डोळे गेले माझे."

म्हणजे अजून ठरलेलं नव्हतं. घटकेत इकडे, घटकेत तिकडे चाललं होतं. मास्तरांना खरी धास्ती बसली ती यामुळे. एखादी गोष्ट ठरून गेली की माणूस रडून मोकळा होतो. इथे कोण राहणार ते कुणीतरी अजून बघत होतं, आणि पानं तर संपत आली होती.

६

छापखान्यापासून बसथांब्यापर्यंतच्या रस्त्यावर एक सिमेंटचं बाक होतं. त्या संध्याकाळी अक्काला दम लागला म्हणून ते तिथे थांबले. अक्का बसली. मास्तर तिच्या शेजारी बसायला गेले, तर त्यांना जागा पुरेना. बाक चांगलं लांब होतं. अक्का एका कडेला अंग चोरून बसली होती. तरी मास्तर टेकायला गेले की कडेवरून घसरत होते. शेवटी ते समोर उभे राहिले.

"सोडून देऊ हे काम," ते म्हणाले. "मालकांना सांगतो उद्या."

"मग जुळारी वाचील, आणि त्याची बायको ऐकेल. किंवा आणखी कुणी. आणि मध्यंतरी मी दोन दिवस तापाने घरी होते, तेव्हा काय फरक पडला? चहा एकच होत होता ना?"

मास्तरांनी पुन्हा कडेला टेकून पाहिलं, पुन्हा घसरले.

"माझं होऊ दे," अक्का म्हणाली.

"काय तुझं होऊ दे?"

"उगीच वेड घेऊन पेडगावला जाऊ नकोस. मी मोठी आहे. आईनंतर मी तुझं केलं, आता थोडं राहिलंय तेही बघते. तुला आणखी वर्षं काढायची आहेत."

"कुणाबरोबर काढू?" मास्तरांचा आवाज एवढा चढला की रस्त्यावरच्या दोन बायका वळून बघायला लागल्या. त्या बघत होत्या त्यावरून कळलं की त्यांना फक्त एक म्हातारा रिकाम्या बाकावर ओरडताना दिसत होता. "मला नाही जमायचं ते. तू नाहीस आणि तू होतीस हेही कुणाला ठाऊक नाही, असं मला जमायचं नाही अक्का. त्यापेक्षा मला जाऊ दे."

"मलाही नाही जमायचं रे," अक्का म्हणाली, आणि रुमालात तोंड लपवून रडली. तिला रडताना मास्तरांनी वडिलांच्या वेळी पाहिलं होतं, त्यानंतर आजच. तिच्या डोक्यावर हात ठेवावा म्हणून ते पुढे झाले. हात पोचला, हे बघून त्यांना केवढं बरं वाटलं.

घरी जाताना बसमध्ये त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. अक्काला सांगितलं नाही.

७

शेवटचं पान पुरतं भरलेलं नव्हतं, वरच्या काही ओळी आणि खाली कोरा कागद. अक्का स्टुलावर बसली होती. तिचा आवाज इतका खोल गेला होता की मास्तर पुढे वाकून ऐकत होते.

त्यांनी आयुष्यभर चुका काढल्या होत्या. कवींच्या, वकिलांच्या, एका मंत्र्याच्यासुद्धा. त्यांच्या हातून चूक सुटली असेल, माणूस आहे. पण बरोबर असलेलं त्यांनी कधी चूक केलं नव्हतं. तसं करणाऱ्या एकाला मालकांनी पूर्वी काढून टाकलं होतं, तेव्हा मास्तरच म्हणाले होते, की चोराला मी जेवायला घालीन, पण याला दारात उभं करणार नाही. हे सगळं त्यांच्या मनात आलं.

"सहा, सात, पुन्हा, एक, एक," अक्का वाचत होती. घाईत ती "पुन्हा" म्हणायला विसरली होती. असं तिच्याकडून कधी व्हायचं नाही.

प्रुफावर शेवटी एक होता. स्वच्छ छापलेला, जागच्या जागी. मास्तरांनी पेन्सिल ठेवली, शाईचं पेन घेतलं, त्या एकावर आडवी रेघ मारली आणि समासात दोन लिहिला. दोघांसाठी दोन. दुसरा कुठला अंक त्यांना सुचलाच नाही.

पेनचा आवाज पेन्सिलीसारखा नसतो. अक्काने मान वर केली.

"मी एक म्हटलं," ती म्हणाली.

"ऐकलं मी."

अक्का त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने मूळ प्रत मिटून टेबलावर पालथी ठेवली, आणि नेहमीसारखी पानाच्या तळाशी सही करायला हात पुढे केला. मास्तरांनी पेन दिलं. तिने सही केली. खाली त्यांनी केली. जुळाऱ्याने एक खिळा काढला, दुसरा बसवला, आणि अर्ध्या तासात यंत्र धडधडायला लागलं.

त्या संध्याकाळी कंडक्टरने न मागता दोन तिकिटं दिली. घरी मास्तरांनी दोन कपांचं पाणी ठेवलं, आणि दोन कप भरले. अक्काने संत्रं सोललं. फोडी सुट्या झाल्या. तिने मोजल्या नाहीत, नुसत्या निम्म्या त्यांच्यापुढे सरकवल्या, निम्म्या आपल्यापुढे. दोघं खात होते आणि दोघांच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. असा थकवा गेल्यावर माणसाला फक्त झोप येते. ते दोघं दिवे लागायच्या वेळेलाच झोपले.

८

पुस्तकं बांधून तयार झाली आणि प्राध्यापक न्यायला आले. त्यांनी शेवटचं पान उघडलं. मास्तर आपल्या खोलीत उभे होते. हे ओरडतील, मालकांना बोलावतील, सगळं पुन्हा छापायला लावतील, याची त्यांनी तयारी ठेवली होती. प्राध्यापक ओरडले नाहीत. ते अक्काच्या स्टुलावर बसले.

"मीही एकदा हाच विचार केला होता," ते म्हणाले. "धीर झाला नाही. वेळ गेली."

"सम केला फक्त," मास्तर हळूच म्हणाले. "दोघांत जावी म्हणून."

"सम करायचा होता तर चार होता, सहा होता, आठ होता. तुम्ही दोन घातलात. एकाचा दोन केला म्हणजे एकच वाढवला. काढून घेतला होता तो एक तुम्ही परत केलात मास्तर. आता ती निव्वळ दुपटींची संख्या झाली."

"पण निम्मी तर होते ना?"

"होते. आणि मग पुन्हा निम्मी होते. आणि पुन्हा. मध्ये थांबायला कुठे काही नाही." त्यांनी पुस्तक मिटलं. "असू दे. छापलं ते छापलं. निदान तुमच्या घरी कुणीतरी आहे."

पुस्तकं टेम्पोत चढली. मालकांनी खूश होऊन त्या दिवशी दुपारीच सुट्टी दिली. अक्का घसा दुखतो म्हणून सकाळपासून घरीच होती. मास्तर जिने चढून आले तेव्हा ती टेबलाशी बसून चष्मा पुसत होती. खिडकीतून चांगलं ऊन आलं होतं.

"लवकर आलास?"

"सुट्टी दिली. चहा टाकतो."

दोन कप पाणी, दोन कपांची साखर. त्यांनी दोन्ही कप भरले, एक तिच्यापुढे ठेवला, एक आपल्यापुढे. भांडं ओट्यावर ठेवताना ते जड लागलं. त्यांनी आत पाहिलं. आणखी दोन कप चहा होता.

पाणी जास्त पडलं असेल, मास्तरांनी मनाशी म्हटलं. प्राध्यापकांचं बोलणं त्यांना आठवलं, आणि त्यांनी ते बाजूला सारलं. म्हाताऱ्या, एकट्या माणसाचं बोलणं. ते खुर्चीत बसले. अक्काने कप उचलून फुंकर मारली.

"माझा झाकून ठेव रे," आतल्या खोलीतून अक्का म्हणाली. "केस पुसून आले मी."

समोरच्या अक्काचा कप ओठांपाशी थांबला. तिने मास्तरांकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"आत कोण आहे?" तिने अगदी हळू विचारलं.

पडद्यामागे पावलं थांबली.

"बाहेर कोण बोलतंय तुझ्याशी?" आतली अक्का म्हणाली, तितक्याच हळू, तितकीच घाबरून.

पडद्याच्या कडेने चौकटीवर एक हात आला. ओला होता. पानं उलटून उलटून अंगठ्याचं टोक गुळगुळीत झालेलं, करंगळीचं नख वाकडं. मास्तरांनी तो हात पाहिला आणि मग कप धरलेला हात पाहिला. त्यांनी जन्मभर दुसरं काही केलं नव्हतं, मूळ प्रत आणि छापलेली शेजारी ठेवायची आणि फरक शोधायचा. त्यांनी पुन्हा पाहिलं, नखं, सांधे, मनगटावरचा तीळ. कुठे पेन्सिल टेकवायला जागा नव्हती.

त्या हाताच्या खाली, त्याच चौकटीवर, दुसरा हात आला. मास्तरांना क्षणभर हायसंच वाटलं, की माणसाला हात दोन असतातच. मग सवयीने त्यांनी नीट पाहिलं.

दोन्ही हात उजवे होते.